साठीनंतर एकटीने हॉस्टेलमध्ये राहायचंय? ठाण्यातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचं सगळं सांगते

कचराळी तलावाला सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपला मी फिरायला गेले की हॉस्टेलमध्ये, म्हणजे प्रवाशांना एकेक बेड भाड्याने देतात तिथे, राहते हे कळलं, तेव्हापासून दर दोन दिवसांनी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, अगं तिथे म्हणे सगळी पोरं असतात, तुला घेतात का, झोप लागते का, बाथरूमचं काय करतेस. चालता चालता अर्धंच सांगून होतं, म्हणून इथे एकदा सगळं नीट लिहिते. पुरुषांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे, मी बाई म्हणून लिहितेय एवढंच.

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. ३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलमधून व्हीआरएस घेतली, दोन महिन्यांत लॉकडाऊन, मग दोन वर्षं घरातच गेली. ह्यांना घरच्या गादीशिवाय झोप लागत नाही आणि गुडघ्यामुळे फिरणंही होत नाही, तर तेच म्हणाले तू जा, माझ्यासाठी थांबू नकोस. पहिल्या दोन ट्रिपांना हॉटेलात राहिले, नाशिक आणि उदयपूर. हॉटेलं चांगलीच होती, पण संध्याकाळी खोलीचं दार लावलं की सकाळपर्यंत वेटर सोडून कोणाशी शब्द नाही. उदयपूरला पिछोलावरचा सूर्यास्त बघून आले, इतका सुंदर होता आणि सांगायला कोणी नाही, बहिणीला फोन लावला तर ती कुकरच्या गडबडीत, बघू गं नंतर बोलू म्हणाली. त्या रात्री ठरवलं की पुढच्या वेळेस जिथे संध्याकाळी माणसं असतील तिथे राहायचं.

त्यामुळे पहिलं सांगणं हे की स्वस्त पडतं म्हणून हॉस्टेलला जाऊ नका. डॉर्म म्हणजे अनेक जणांची एकत्र झोपायची खोली, त्यातला बेड शहर आणि सीझनप्रमाणे साधारण ५०० ते १,००० रुपयांत मिळतो, हॉस्टेलातली स्वतंत्र खोली साधारण दीड ते तीन हजार, वर ५ टक्के जीएसटी. म्हणजे स्वतंत्र खोली घेतली तर साध्या हॉटेलपेक्षा फार काही वाचत नाही. आपण जायचं ते कॉमन रूमसाठी, संध्याकाळच्या त्या मोठ्या टेबलासाठी. आणि बेडवर जे पैसे वाचतात ते रिक्षावर, चांगल्या जेवणावर, चढ असेल तर जाऊन-येऊन गाडी करण्यावर खर्च करा, तिथे कंजुषी करू नका.

कोणी डॉर्म घेऊ नये तेही सांगते. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, श्वासाचं मशीन लावून झोपता, घोरणं मोठं आहे, किंवा पंख्याच्या आवाजानेही झोप मोडते, असं काही असेल तर हॉस्टेल सोडू नका पण त्यातली स्वतंत्र खोली घ्या. झोप आपल्या खोलीत, गप्पा खाली. ही सोय पुष्कळ जणांना माहितीच नसते. मी स्वतः चार रात्री असतील तर शेवटची रात्र स्वतंत्र खोली घेते, दुसऱ्या दिवशी प्रवास असतो म्हणून.

गप्पांचं हॉस्टेल आणि पार्टीचं हॉस्टेल

दोन्हीच्या जाहिरातीत एकच शब्द असतो, सोशल. फोटोंवरून फरक कळतो, फक्त बेडचे फोटो बघत बसू नका, कॉमन रूमचे बघा. मोठं टेबल, भोवती खुर्च्या, पुस्तकांचा रॅक, स्वयंपाकघर, कोणीतरी भाजी चिरतंय, कॅरम आहे, असं दिसलं तर गप्पांचं. गच्चीवर स्पीकर, निळे-जांभळे लाइट, सगळे उभे आणि हातात ग्लास, असं दिसलं तर ते वाईट नाही पण ते आपल्यासाठी नाही, रात्री दोनपर्यंत धडधड चालू राहणार.

मग रिव्ह्यू वाचा, आणि चांगलेच नाही, दोन-तीन स्टार दिलेले जास्त वाचा. पंचविशीतला मुलगा जेव्हा तक्रार करतो की इथे फार शांत आहे, अकरानंतर म्युझिक बंद करतात, सगळे लवकर झोपतात, तेव्हा ते हॉस्टेल माझ्या यादीत वर जातं. रिव्ह्यू शक्यतो गेल्या तीन महिन्यांतलेच धरा कारण तिथला मॅनेजर बदलला की अख्खी जागा बदलते, भिंती त्याच राहतात. आणि लहान हॉस्टेल बघा, वीस ते चाळीस बेडांचं. शंभर-दीडशे बेडांच्या ठिकाणी कोणी कोणाचं नाव विचारत नाही, तिथे ग्रुपने आलेले आपापल्यात असतात.

यूथ हॉस्टेल असोसिएशन आपल्यातल्या ट्रेकवाल्यांना माहितीच आहे, १९४९ पासूनची संस्था. नावात यूथ आहे म्हणून साठीच्या माणसाने लांब राहायचं कारण नाही. त्यांची ठिकाणं साधी, शिस्तीची असतात, पण रोज संध्याकाळी गप्पांचा फड जमेल याची खात्री नाही. पहिल्यांदाच घर सोडून एकटं राहणाऱ्याला मात्र तिथे धीर येतो.

बुकिंगच्या आधी फोन, हे टाळू नका

हे मी चूक करून शिकले. एका शहरात, नाव घेत नाही, ऑनलाइन बेड बुक केला, पैसे भरले, रात्री साडेनऊला बॅग घेऊन दारात उभी. रिसेप्शनवरच्या मुलाने आधारकार्ड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाला मॅम, आमच्याकडे डॉर्मला पंचेचाळीसपर्यंतच घेतात, बुकिंगच्या नियमात लिहिलंय. खरंच लिहिलेलं होतं, खाली बारीक अक्षरात. मुलगा बिचारा चांगला होता, त्याने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, पण बेड दिला नाही. त्या रात्री स्टेशनजवळच्या हॉटेलात दुप्पट पैसे देऊन राहिले, आणि पैशापेक्षा दारातून परत फिरावं लागलं त्याचं वाईट फार दिवस वाटलं. तेव्हापासून फोन केल्याशिवाय बुक करत नाही. वयाची मर्यादा सगळीकडे नसते, काही ठिकाणी ४० असते, काही ठिकाणी ४५, पुष्कळ ठिकाणी नसतेच, आणि जिथे असते तिथेही मॅनेजरशी बोललं तर कधी कधी हो म्हणतात. पण हे आधी, घरी सोफ्यावर बसून व्हायला हवं, रात्री साडेनऊला दारात नाही.

फोनवर काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलंय (बंक म्हणजे एकावर एक असलेल्या बेडांपैकी एक). मी ठाण्याहून बोलतेय, वय बासष्ट, एकटी येणार आहे, तीन रात्री. डॉर्ममध्ये माझ्या वयाची माणसं घेता का? खालचा बंक नक्की मिळेल का? डॉर्म कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का? संडास-बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, कमोड आहे का? रात्री म्युझिक किती वाजता बंद होतं? माझी गाडी अमुक वाजता येते, बॅग आधी ठेवता येईल का? एवढंच. पाच मिनिटं लागतात. आणि फोनवरचा माणूस कसा बोलतो त्यावरून निम्मं कळतं, जो कंटाळून हो हो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका, जो म्हणतो मॅम जिना थोडा उभा आहे, तुम्हाला चालेल का, त्याच्याकडे डोळे झाकून जा.

फोन ठेवल्यावर हेच सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याचं उत्तर येऊ द्या. खालच्या बंकचं तर लेखी घ्याच. वरच्या बंकची शिडी म्हणजे लोखंडी गोल नळ्या, अंगठ्याएवढ्या जाड, अनवाणी पायाच्या तळव्यात रुततात आणि रात्री दोन वाजता अंधारात उलटं उतरताना पुढची नळी पायाला सापडत नाही, पाय हवेत चाचपडत राहतो. मी एकदाच तो प्रकार केला. परत नाही. पोचल्यावर खालचा बंक कोणीतरी घेतलाय म्हणाले तर मोबाइलवरचा मेसेज दाखवायचा, शांतपणे. बहुतेक वेळा तिथला मुलगा किंवा मुलगी स्वतःहून वर जाते.

एक गंमत आपल्या लोकांना माहिती नसते, बरीच हॉस्टेलं त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र घेत नाहीत. म्हणजे ठाण्याचं आधार घेऊन एक रात्र मुंबईत राहून बघू म्हणाल तर ठाणंही मुंबईतच धरून नाही म्हणू शकतात. म्हणून सरावाची पहिली रात्र पुण्याला करा. ठाण्याहून स्वारगेटची ई-शिवनेरी आहे, बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकटच आहे. एक रात्र, सहा बेडांची मुलींची डॉर्म, नाही आवडलं तर सकाळी बस धरून जेवायला घरी. मी हेच केलं होतं. रात्रभर नीट झोप लागली नाही पण सकाळी चहाच्या वेळेला दोन जणींशी ओळख झाली आणि मला कळलं की जमेल.

तिकीट आणि ठाणे स्टेशन

रेल्वेचं सिनिअर सिटिझन कन्सेशन मार्च २०२० पासून बंद आहे ते अजून सुरू झालेलं नाही, पण लोअर बर्थचा कोटा आहे आणि तो एकट्याने जाणाऱ्याला फार उपयोगी. पुरुष ६० च्या पुढे, बायका ४५ च्या पुढे, आणि तिकिटावर एक किंवा दोनच माणसं हवीत. चार जणींचं एकत्र तिकीट काढलं तर हा कोटा मिळत नाही. बुकिंग करताना कोटा सिलेक्ट करायला विसरू नका, नुसतं वय टाकून भागत नाही. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं.

गाडी निवडताना ती पोचते कधी ते आधी बघा, सुटते कधी ते नंतर. नव्या शहरात उजेडात पोचायचं, हा नियम मी मोडत नाही. आपल्याला ठाण्यातून कोकण आणि गोव्याकडे मांडवी, कोकणकन्या, केरळकडे नेत्रावती, सगळ्या थांबतात, नवी मुंबईवाल्यांना पनवेल जवळ. २०२४ ला तो ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद केला तेव्हापासून तिथे बॅग घेऊन उभं राहणं जरा बरं झालंय, पण तरी लोकलच्या गर्दीच्या वेळेला अर्धा तास हातात ठेवूनच निघा.

बॅग

बॅग सात-आठ किलोच्या वर नको. कसोटी सोपी आहे, बॅग घेऊन आपल्या बिल्डिंगचे दोन मजले न थांबता चढा. धाप लागली तर साड्या काढा. (मी साडी नेतच नाही आता, तीन कुर्ते, दोन सलवारी, रात्रीसाठी टी-शर्ट आणि पायजमा. गाऊन नको, मिक्स कॉमन रूममध्ये आपल्यालाच अवघडतं.)

बाकी जे खरंच लागतं ते असं. स्वतःचं छोटं कुलूप, पातळ कडीचं, कारण लॉकरची भोकं बारीक असतात, आपलं दाराचं कुलूप त्यात जात नाही. दोन मीटरची चार्जिंग वायर, पॉइंट नेहमी उशाशी नसतो. छोटा टॉर्च, कारण मोबाइलचा टॉर्च सगळ्यांच्या डोळ्यांवर जातो. इयरप्लग, केमिस्टकडे मिळतात, घरी दोन रात्री घालून झोपून बघा, सवय नसेल तर कान दुखतो. रबरी स्लिपर, ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या. जुनी सुती ओढणी किंवा लुंगी, बंकला पडदा नसेल तर वरच्या गादीखाली खोचून पडदा करता येतो. टॉवेल आपला, तिथे भाड्याने मिळतो पण कशाला.

आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या नको, हे तर आधी लिहायला हवं होतं. आपली पिढी प्रत्येक गोष्ट पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. पहाटे पाच वाजता आपण औषधाची पिशवी शोधतो आणि त्या चुरचुर आवाजाने अख्खी खोली जागी होते. जुन्या साडीच्या नाडीवाल्या थैल्या शिवून घ्या, वेगवेगळ्या रंगाच्या, एकात औषधं, एकात कपडे, एकात अंघोळीचं.

औषधं लागतील त्यापेक्षा चार दिवसांची जास्त घ्या. एका कागदावर इंग्रजीत औषधांची नावं, डोस, ॲलर्जी, रक्तगट, घरचे दोन फोन नंबर, आणि तो कागद चष्म्याच्या घरात किंवा पाकिटात. इन्सुलिन असेल तर हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये डब्यात नाव घालून ठेवा, फ्रीझरच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून अजिबात नाही, गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. सोनं घरी ठेवा, सगळं. आधारची मास्क केलेली कॉपी यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होते, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, रिसेप्शनला ठेवून द्यायला तीच द्या, मूळ कार्ड दाखवून परत घ्या.

पोचल्यावरचे पहिले दोन तास

आधी बेड, मग बाथरूम, मग जिना. बेडपासून बाथरूमपर्यंत दिवसा एकदा चालून बघा, पावलं मोजा, उंबरा कुठे आहे, दिव्याचं बटण कुठे आहे, बाहेरचा दुसरा रस्ता कुठून आहे. रात्री अंधारात हेच उपयोगी पडतं. मग रात्रीचं सामान आत्ताच काढून उशाशी ठेवा, पायजमा, टॉर्च, पाण्याची बाटली, गोळ्या, चष्मा. रात्री दहानंतर बॅगेची चेन उघडायची नाही असं ठरवूनच टाका.

रिसेप्शनच्या मुलाला दोन गोष्टी सांगते मी, एक म्हणजे मला बीपी आहे आणि हा कागद पाकिटात आहे, दुसरं म्हणजे जवळचं चांगलं हॉस्पिटल कुठलं. यात लाजण्यासारखं काही नाही. ११२ तर माहितीच आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, रेल्वेसाठी १३९. घरी रोज एकाच वेळेला मेसेज ठेवा, मी रात्री नऊला ह्यांना पाठवते, पाठवला नाही तर ते हॉस्टेलला फोन करणार असं ठरलेलं आहे. यूपीआयसाठी मी वेगळं खातं ठेवलंय, त्यात ट्रिपपुरतेच पैसे. पोरं मोबाइल शिकवायला फार उत्साही असतात आणि छान शिकवतात, पण पिन टाकताना फोन आपल्याच हातात.

आता खरं काम, ओळख

हॉस्टेलमध्ये पहिली संध्याकाळ सगळ्यात अवघड, सगळ्यांनाच, फक्त आपल्यालाच नाही. पंचवीस वर्षांची मुलंसुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात कारण त्यांनाही सुरुवात कोणी करायची कळत नाही. आपण वयाने मोठे आहोत, हाच आपला फायदा, आपण सुरुवात केली तर कोणाला खटकत नाही. कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसू नका, मोठ्या टेबलाशी बसा. हातात चहा असू दे, मोबाइल नको.

पहिला प्रश्न कुठला, तर आज कुठे फिरून आलात. हा प्रश्न कुठेही चालतो, उत्तर लांब येतं आणि आपल्याला उद्याची माहिती मिळते. लग्न झालं का, पगार किती, आईवडील कसे पाठवतात एकटीला, हे आपल्या तोंडात येतं, येऊ द्यायचं नाही. ती मुलं घरच्या याच प्रश्नांपासून चार दिवस सुट्टी घेऊन आलेली असतात. सल्ला मागितला तर द्या. आणि नाव सांगा, नुसतं पहिलं नाव. तरी ती आंटी म्हणतात किंवा मराठी असली तर काकू, म्हणू देत, पण आपण नावाने ओळख करून दिली की पुढचं बोलणं वेगळं होतं असा माझा अनुभव आहे.

काहीतरी खाऊ न्या, हे अगदी नक्की. मी राम मारुती रोडवरून बाकरवडी घेते, टिकते, सांडत नाही, सगळ्यांना खाता येते. पुडा उघडून टेबलाच्या मध्ये ठेवायचा आणि घ्या एवढंच म्हणायचं.

स्वयंपाकघर असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फोर्ट कोचीला, नेत्रावतीने एर्नाकुलम, मग हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोने पाण्यातून, असं गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे मागितले तर त्यांनी तांबडे जाड अवल दिले, तिकडे तेच मिळतात. ते आपल्या पोह्यांसारखे नुसते धुवून फुगत नाहीत, जरा भिजत ठेवावे लागले. कढीपत्ता तिथला काय सांगू, फोडणीत टाकल्याबरोबर वास वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि एक नागपूरची मुलगी डोळे चोळत खाली आली, म्हणाली काकू, हा वास घरचा आहे. मग ती कांदा चिरायला बसली, एक जर्मन मुलगा खोबरं खवायला, त्याला विळीवर बसायचं कसं तेच कळेना तेव्हा हॉस्टेलच्या ताईंनी शिकवलं. त्या सकाळी सात जण एका टेबलावर होतो. त्यातल्या दोघांबरोबर मी नंतर मट्टनचेरीला गेले, तिथलं १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघितलं, आणि त्या नागपूरच्या मुलीचा अजून दिवाळीला मेसेज येतो.

पण रोज सगळ्यांसाठी रांधू नका. एकदाच. दुसऱ्या दिवशीही केलं की तुम्ही त्या घरातली आई होता, मग गप्पा तुमच्याशी होत नाहीत, भूक लागली की तुमच्याकडे येतात. तसंच बिलाचं, आपला हिस्सा लगेच यूपीआय करा, सगळ्यांचं बिल भरू नका, पोरांना अवघडतं आणि पुढच्या वेळी बोलवत नाहीत. आणि आपली ताटली, कप लगेच धुवून जागेवर. ही पद्धत पहिल्यापासूनची आहे, रिचर्ड शिर्मान नावाच्या एका जर्मन शाळामास्तरांनी १९१२ ला आल्टेनाच्या किल्ल्यात पायी फिरणाऱ्या पोरांसाठी पहिलं यूथ हॉस्टेल उघडलं, तिथून आलेली, कमी पैशात राहायचं तर आपलं काम आपण करायचं.

फिरायला बरोबर जाताना आपला वेग आधीच सांगा. मी म्हणते, तुम्ही पुढे व्हा, मी रिक्षाने शेवटच्या ठिकाणी येते, जेवायला कुठे बसणार ते कळवा. यात कोणाची अडचण होत नाही. दिवसभर बरोबर राहायचा हट्ट केला तर संध्याकाळी दोघंही दमलेले आणि जरा रागावलेले असतात. ती पीत असतील तर आपण लिंबूपाणी घेऊन बसावं, कोणी आग्रह करत नाही. आणि दहाच्या सुमारास, गप्पा रंगलेल्या असतानाच उठावं. त्यांनाही त्यांचं काही बोलायचं असतं. रंगात असताना उठलं की दुसऱ्या दिवशी तेच विचारतात, आज बसणार ना.

रात्र आणि पहाट

रात्रीचा त्रास आपल्याला पोरांचा होतो, पहाटेचा त्रास पोरांना आपला होतो. पाचला जाग येते, मग घसा खाकरणं, मोबाइलवर स्तोत्र, बाथरूममध्ये गुळण्या, बांगड्यांचा आवाज, घरी कोणाला खटकत नाही पण तिथे आठ जण झोपलेले असतात. अलार्म व्हायब्रेटवर, उशीखाली. उठलं की थैली उचलायची आणि खाली कॉमन रूममध्ये जायचं, जप, प्राणायाम, फोन सगळं तिथे. रात्री घोरता असाल तर पहिल्याच दिवशी खोलीत सांगून टाका, मी घोरते, जास्त झालं तर हलवून उठवा, सांगितलं की लोक समजून घेतात.

आणि ही पहाट म्हणजे आपली कमाई आहे. फोर्ट कोचीला सहा वाजता मासेमारीची मोठी चिनी जाळी पाण्यात उतरताना बघायला मी आणि चार मांजरं. वाराणसीला अस्सी घाटावर पहाटेची आरती आणि गाणं असतं, हॉस्टेलातल्या निम्म्या मुलांनी त्याबद्दल ऐकलेलं असतं पण उठणं होत नाही. रात्री जाताना विचारून ठेवा, पहाटे निघतेय, कोणाला उठवू का? एक-दोन जण हो म्हणतात, खरंच येतात, आणि पहाटेच्या चहावर जे बोलणं होतं ते रात्रीच्या दंग्यात होत नाही. मला एका मुलाने त्याची नोकरी गेल्याचं घरी सांगितलं नाही हे अशाच एका चहावर सांगितलं होतं. मी काही म्हणाले नाही, दुसरा चहा सांगितला.

बिनसलं तर

खोलीत कोणी त्रासदायक असेल, सतत फोनवर मोठ्याने बोलणारं, पिऊन येणारं, तर स्वतः वाद घालू नका, रिसेप्शनला सांगून खोली बदलून मागा. मिक्स डॉर्ममध्ये अवघडलं तर मुलींच्या डॉर्ममध्ये जागा मागा. रात्रीत काही झालं तर मॅनेजरचा मोबाइल नंबर हवा, रिसेप्शनचा लँडलाइन रात्री कोणी उचलत नाही. आणि एका हॉटेलच्या रात्रीचे पैसे नेहमी वेगळे ठेवलेले असू देत, मी दोन हजार ठेवते, त्यांना हात लावत नाही. ते आहेत एवढ्यानेच मन स्वस्थ राहतं, खरंच वापरायची वेळ मला दोनदाच आली.

निघताना

चेकआउट बहुतेक दहा-अकराला असतं आणि आपली गाडी संध्याकाळची, तर बॅग रिसेप्शनला ठेवता येते, अंघोळीचं आधीच विचारून घ्या. चादर काढून घडी करून ठेवा. ज्यांच्याशी ओळख झाली त्यांना ठाण्याला या म्हणा, पण मनापासून यावं असं वाटत असेल त्यालाच म्हणा, कारण येतात. माझ्याकडे तिघं येऊन गेले, दोघांना मामलेदारची मिसळ खायला घातली, एकीला तलावपाळीला फिरवलं.

घरी आल्यावर रिव्ह्यू लिहा आणि त्यात वय लिहा. मला बुकिंगच्या आधी जे शोधून सापडत नाही तेच मी लिहिते. मागच्या वेळेचा माझा असा होता: वय ६२, एकटी, तीन रात्री. डॉर्म पहिल्या मजल्यावर, २१ पायऱ्या, कठडा आहे, लिफ्ट नाही. खालचा बंक सांगितल्याप्रमाणे मिळाला. कमोड त्याच मजल्यावर, बेडपासून चौदा पावलं, बाथरूमच्या दाराशी एक उंबरा आहे तो सांभाळा. साडेदहाला म्युझिक बंद. टेबल मोठं आहे.